माहेरचे मोठे, सासरचे बारके

आमच्या घरात मासा शिजत नाही. अंडंसुद्धा नाही. लिंगायताचं घर, देव्हाऱ्यात महादेव आणि गच्चीवर दीडशे मासे. मागच्या गल्लीतली एक बाई मला तोंडावर विचारायची, "एवढे पाळती, खात न्हाईस, मग करतीस काय त्येंचं?" मी म्हणायची, "बघते." त्यावर ती कपाळाला हात लावायची. पण खरंच, चार वर्षं मी नुसती बघतच होते.

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्यामुळं घरटी एक हौद, दोन-तीन पिंपं, आणि साठलेलं पाणी म्हटलं की डास आलेच. त्यावर उपाय म्हणून महापालिकेचा माणूस गल्लोगल्ली फिरतो आणि हौदात चार गप्पी मासे सोडून जातो. बोटाच्या पेराएवढा मासा, डासाच्या अळ्या खातो, दुसरं काही मागत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या अंगणातल्या हौदात ते आहेत. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली सून धुणं धुवायला बसली आणि समोर गप्पी! धुणं राहिलं बाजूला, मी त्यांची भांडणं बघायला लागले.

गप्पीत मादी मोठी, राखाडी, साधी. नर बारका आणि रंगीत. तो मादीपुढं येतो, अंगाला बाक देऊन थरथरतो, पर पसरतो. म्हणजे, बघ की माझ्याकडं. मादीला नाही पटलं तर ती सरळ निघून जाते. पण सगळे नर काही एका मापाचे नसतात. अंगानं थोराड असलेला नर दुसऱ्याला हाकलतो आणि मादीसमोरची जागा अडवून धरतो. बारक्याला असली दांडगाई जमत नाही. मग तो काय करतो? वंश त्याचाही चालतोच, तो कसा? माझा सगळा अभ्यास या एका प्रश्नावर उभा होता.

आणि अभ्यासावर नोकरी. अकरा वर्षं मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास चालू तोवर 'मॅडम', तास संपला की कुणीच नाही. दर जूनला नवी मुलाखत, आणि समोर बसलेला माझाच जुना विद्यार्थी. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा होती. नोंदणी केली चाळिशीत. मग एक मुदतवाढ, मग दुसरी, आणि दुसरी शेवटची. जानेवारीअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा दम माझ्यात उरला नव्हता.

प्रयोगासाठी नर दोन ठिकाणचे घेतले होते. मोठे माझ्या माहेरचे, अक्कलकोटकडच्या आमच्या विहिरीतले. थोराड अंग आणि शेपटीला केशरी पट्टा. बारके सासरचे, अंगणातल्या हौदातले. माहेरच्यांच्या निम्मेच, पण प्रत्येकाच्या शेपटीच्या बुडाशी एक काळी टिकली. तीन पिढ्या मी दोन्ही वेगळे वाढवले होते. सासरच्या एका नराची टिकली चुकली नाही आणि माहेरच्या एकालाही ती आली नाही.

हे मी सासूबाईंना सांगितलं. सासूला मी अत्ती म्हणते, आमच्यात तसंच म्हणतात. अत्तींचं वय सत्तरीपुढचं, शाळा दुसरीपर्यंत, आणि माया किंवा देव आला की बोलण्यात कानडी शिरायची. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुज्या म्हायेरचे दोड्ड आन् आमचे सण्ण? बरं हाय की!" दोड्ड म्हणजे मोठे, सण्ण म्हणजे लहान. त्या दिवसापासून त्यांनी सासरचा पक्ष घेतला. सकाळी चहाच्या आधी विचारायच्या, "आमचं सण्ण जेवलं का गं?" माहेरच्यांची चौकशी नाही. आमचे मार्गदर्शक सर मला बजावून थकले होते, "बाई, माणसाचं माशाला लावायचं नाही, आणि माशाचं माणसाला तर मुळीच नाही." पण सरांना सांगायला काय जातंय, त्यांच्या घरी अत्ती नव्हत्या.

माद्या तिसऱ्याच ठिकाणच्या, कॉलेजच्या टाकीतल्या. त्यांचं काम सगळ्यांत नाजूक. गप्पीची मादी एकदा नराशी लागली की त्याचं बीज महिनोन्महिने पोटात साठवून ठेवते. त्यामुळं प्रयोगाला लागतात कुमारिका. पिलं महिन्याची झाली की भिंगाखाली एकेक धरून नर बाजूला काढायचे आणि माद्या वेगळ्या वाढवायच्या. असं करत मी तीन महिन्यांत चाळीस माद्या गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात तयार केल्या होत्या. सहा मोठे नर आणि सहा बारके शेजारी एकेका बरणीत. एकेका मादीपुढं एक मोठा आणि एक बारका सोडायचा आणि कोण काय करतो ते वहीत टिपायचं, असा बेत होता. बरण्यांवर, हौदावर चिठ्ठ्या लावलेल्या, सगळ्या इंग्रजीत. ही माझी अक्कल.

आता आमच्या गावाची एक रीत सांगते. नळ आला की जुनं पाणी फेकायचं. पाच दिवसांपूर्वी भरलेलं, झाकून ठेवलेलं, चांगलं पाणी असतं, पण नळ आल्याचा आवाज झाला की त्या क्षणी ते शिळं होतं. ज्या गावात पाण्याच्या पाळीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात, तिथंच त्या बादल्याच्या बादल्या रस्त्यावर ओततात. मीही ओततेच की. लहानपणापासून हाताला लागलेली सवय आहे.

श्रावणातला सोमवार होता. मी कॉलेजात, हे कामावर. पाणी आलं. अत्तींचा उपास, तरी त्यांनी खालची सगळी भांडी भरली आणि मग त्यांना आठवलं की सुनेच्या माशांचं पाणी शिळं आहे. गुडघे धरत धरत त्या गच्चीवर गेल्या. हौद उपसला, घासला, नवं पाणी भरलं. आणि बरण्यांत एकेकटे बसलेले नर बघून त्यांचा जीव कळवळला. बाराच्या बारा बरण्या त्यांनी हौदात रिकाम्या केल्या.

मी आले तेव्हा त्या हौदाच्या कडेवर बसल्या होत्या, तोंडभर हसत. "ये, बघ कसं खेळाय लागल्यात. तितं एकेकटं घुसमटत हुती बिचारी."

मी बघितलं. नळाच्या नव्या पाण्यातल्या जंतुनाशक औषधानं सात-आठ माद्या उताण्या तरंगत होत्या. बाकीच्यांभोवती नरांचा नुसता धुमाकूळ चालला होता.

माझं डोकंच फिरलं. राग तसाही माझ्या नाकावर असतो, पण त्या दिवशी मी काय बोलले ते आठवलं की अजून मान खाली जाते. "तीन महिने गेले माझे! कुणी सांगितलं होतं हात लावायला? नवं दिसलं की जुनं फेकायचं, एवढंच कळतं तुम्हाला!"

अत्तींचं हसू गेलं. पदर सावरत त्या उठल्या. "जुनी तर मी बी हाय गं. टाक मला बी," म्हणाल्या आणि एकेक पायरी धरत खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. सासऱ्यांनी बांधलेलं घर, त्यांच्या बायकोची गच्ची, आणि कुलूप माझं.

पुढचे चार दिवस घरात नुसती भांडी वाजत होती. अत्ती माझ्याशी बोलेनात. माझं ताट वाढायच्या, पण 'जेव' म्हणायच्या नाहीत. कॉलेजात मी एका मैत्रिणीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं काय त्यात? वहीत आकडे भर. मोठे जिंकले, बारके हरले, संपलं. कोण माशाला जाऊन विचारणारे?" खोटं कशाला बोलू, मी वही उघडली होती. दुपारचा रिकामा तास होता, स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. पहिली ओळ भरली, दुसरी भरली. तिसरीला हात थांबला. चार वर्षं ज्यांच्याकडं टक लावून बघत बसले, त्यांच्या नावावर न घडलेलं लिहायचं? पान टराटरा फाडलं आणि पर्समध्ये कोंबलं. पण पुढं काय, ते काही सुचत नव्हतं.

पुन्हा पाण्याचा दिवस आला. मी घरीच होते. खालचं भरून झालं आणि बघते तर अत्ती गच्चीच्या जिन्यात, कुलपाच्या दारापाशी, सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सण्ण जित्तं हाय का?"

मला एकदम भडभडून आलं. मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि म्हटलं, "आहे. या, बघा."

दोघी हौदाच्या कडेवर बसलो. पाणी बदलताना सगळं काढायचं नसतं, निम्मं जुनं ठेवून निम्मं नवं घालायचं, तेही उन्हात उघडं ठेवून, औषध उडून गेल्यावर, हे मी त्यांना पहिल्यांदा नीट सांगितलं. आधी का सांगितलं नव्हतं? कारण मला वाटायचं, त्यांना काय कळणार. त्यांनी नुसती मान हलवली. मग त्या सोमवारी काय बघितलं ते सांगायला लागल्या, आणि मी ऐकतच राहिले.

"तुजी दोड्ड दोन, समोरासमोर. ह्यो पंखा पसरतोय, त्यो पसरतोय. गोल गोल फिरत्यात. मादी समोर हाय, पर तिच्याकडं ध्यानच न्हाय. माजी ताकद बघ का तुजी ताकद बघ, ह्येच चाललंय. आन् आमचं सण्ण खालनं आलं, गप. नाच न्हाय, काय न्हाय. मागनं गेलं, काम केलं, शेवाळात पळालं. लई बेरकी हाय!" मग पदरात तोंड धरून हसल्या. "आमच्यात बी आसंच झालं हुतं. मला बघाय दोन दांडगी स्थळं आली हुती एका येळंला. त्येंची मानापानावरनं जुंपली. तुजा सासरा उंचीला माज्या खांद्याला, त्यो पावण्यासंगं आल्याला नुसता. त्यानं मला इचारलं, पानी पिलीस का? बास."

सरांचं वाक्य आठवलं, पण ते मी बाजूला ठेवलं. म्हटलं, "अत्ती, तुम्ही बघितलंत ते बरोबर असेल. पण लिहून नाही ठेवलेलं. कुणाचं बीज कुणाच्या पोटात गेलं, ते आता कोण सांगणार?"

"म्हंजे?" त्यांना माझ्या अकलेची कीव आली. "पोरं झाल्यावर कळंल की! टिकली लपती व्हय?"

मी ताडकन उठले. मग अंगणात धावत जाऊन चप्पल घातली आणि तशीच सरांकडं गेले.

टिकली बापाकडून मुलाकडं जाते. हे मला पाठ होतं, दरवर्षी वर्गात शिकवत होते. माद्या सगळ्या तिसऱ्या ठिकाणच्या, म्हणजे जन्मणाऱ्या प्रत्येक नराच्या अंगावर त्याच्या बापाची खूण येणार. केशरी पट्टा असेल तर मोठ्याचा, टिकली असेल तर बारक्याचा. कोण किती नाचला हे मोजण्यापेक्षा, शेवटी कुणाची पोरं झाली हे मोजणं जास्त पक्कं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "चूक झाली हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं. लपवायचं नाही. आणि वेळ पुरेल का बाई?" मी बोटं मोजली. महिन्याभरात पिलं, त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी रंग. डिसेंबर. सर म्हणाले, "मग इथं काय करताय? जा घरी."

अडचण बरण्यांची होती. गप्पीची आई स्वतःचीच पिलं खाते, म्हणून प्रत्येक मादी वेगळी ठेवायची, पिलं झाली की तिला उचलायची. तीस-बत्तीस बरण्या कुठून आणायच्या? आमच्या गल्लीत सगळे आमच्यासारखेच. मासा राहिलेली बरणी कोण परत घरात घेणार? तेव्हा अत्ती मला घेऊन मागच्या गल्लीत गेल्या. तिथं तेलुगू बोलणारी विणकरांची घरं. अत्ती पन्नास वर्षं या घरात राहत होत्या, पण त्या गल्लीतल्या एकाही घरात टेकल्या नव्हत्या. कपाळाला हात लावणाऱ्या त्याच बाईच्या दारात जाऊन त्या म्हणाल्या, "लोणच्याच्या बरण्या हायेत का? सुनंचं बाळंतपण हाय." त्या बाईनं हबकून माझ्या पोटाकडं बघितलं. खुलासा झाल्यावर ती इतकी हसली की तिनं स्वतःच्या नऊ दिल्या आणि बाकीच्या घरोघर फिरून गोळा केल्या.

पिलांना उकडलेल्या अंड्याचा बलक लागतो. मी घाबरतच अत्तींना सांगितलं. त्या बराच वेळ विभूतीच्या डबीशी चाळा करत बसल्या. मग निकाल दिला, "सैपाकघरातनं न्हाय जायाचं. भाईरच्या जिन्यानं ने." त्यामुळं अंडं त्या बाईच्या चुलीवर उकडायचं, बलक कागदात बांधून कंपाउंडवरून यायचा, आणि बाहेरच्या जिन्यानं वर जायचा. नंतर नंतर बलकाबरोबर ती बाईपण यायची. एका माशाच्या पोटी किती पिलं ते मोजायला दोघींना फार आवडायचं. गच्चीचं कुलूप एव्हाना खिळ्याला टांगलेलं होतं, तिथंच गंजत.

दिवाळी झाली. पिलं वाढत होती. नोव्हेंबर सरता सरता पहिला रंग दिसला, केशरी पट्टा. दुसऱ्या बरणीत केशरी. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बरणीतही केशरी. मला म्हटलं तर माहेरचा अभिमान वाटायला हवा होता. पण सगळे मोठ्यांचेच निघाले तर माझा प्रबंध म्हणणार की मोठा जिंकतो, बारका हरतो. मैत्रिणीनं भरायला सांगितलेलंच. पण तेच खरं असेल तर तेच लिहायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. अत्ती मात्र फुगल्या. "तुज्या म्हायेरची मानसं आशीच," म्हणाल्या.

डिसेंबरातली एक दुपार. रविवार होता. मी बरण्यांच्या नोंदी करत होते, अत्ती उन्हाला पाठ करून बसल्या होत्या. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या डोळ्यानं त्या बारीकसारीक बघायच्या. एक बरणी त्यांनी उचलली, उन्हाकडं धरली. तशीच धरून ठेवली.

"नोड," म्हणाल्या. बघ. आवाज इतका हळू की मला आधी कळलंच नाही. "नोड गं. टिकली आली."

मी भिंग घेतलं. शेपटीच्या बुडाशी, नखाच्या टोकाएवढी, अजून नीट काळीही न झालेली. होती पण. त्याच्या शेजारच्या भावालाही होती. मी ओरडले. खरंच ओरडले, खालच्या रस्त्यावरचा माणूस वर बघायला लागला. नंतरच्या दोन आठवड्यांत बरणीमागून बरणी टिकल्या येत गेल्या. काही बरण्यांत तर एकाच आईच्या पोटी दोन्ही, पट्टेवाले आणि टिकलीवाले शेजारी शेजारी. मोजणी झाली तेव्हा मोठ्यांची पोरं जास्तच होती, ते मी तसंच लिहिलं. पण बारक्यांची मी धरली होती त्यापेक्षा पुष्कळ होती. मोठे एकमेकांशी भिडत राहिले आणि बारक्यांना वाट मिळाली, एवढं म्हणायला ती पुरेशी होती.

जानेवारी संपायच्या तीन दिवस आधी प्रबंध दिला. उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "सगळे नर एकाच हौदात सोडण्याची ही कल्पना कशी सुचली?" मी म्हणाले, "सुचली नाही. माझ्या सासूबाईंनी पाणी बदललं. आठव्या पानावर लिहिलंय." सभागृह हसलं. परीक्षकांनी आठवं पान काढून वाचलं, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या हौदाबद्दलच विचारले.

घरी आले तर अंगणात ओल, रस्त्यावर ओघळ. पाणी आलं होतं. खाली कुणी नव्हतं. मी परीक्षेच्या इरकल साडीतच जिना चढले. दार उघडं होतं. अत्ती पदर खोचून हौदाशी बसल्या होत्या. शेजारी चार बादल्यांत सकाळपासून उन्हात ठेवलेलं पाणी, आणि त्यातलं तांब्या-तांब्यानं त्या हौदात सोडत होत्या.

"अत्ती, झालं," मी म्हटलं.

"थांब गं, ह्ये हुंदे." त्यांनी तांब्या सावकाश कलता केला. "निम्मं जुनं ठिवलंय बघ. जुनं सगळं टाकाय नसतंय, तूच म्हनलीस न्हवं?"

 श्रावणातल्या त्या सोमवारी मी काय बोलले होते ते मला आठवत होतं, आणि त्यांनाही आठवत होतं. मी खाली बसले आणि त्यांच्या ओल्या हातावर कपाळ टेकून रडले. माफी मागायची राहिली होती, ती मागितली.

"उठ, साडी भिजली," त्या म्हणाल्या. मग आठवल्यासारखं विचारलं, "काय झालं म्हनत हुतीस? पास का?"

"पास."

"मंग आता कायम?"

"ते अजून माहीत नाही. अर्ज करायचाय. मोठमोठे लोक असतील अर्ज करणारे."

"आसू देत की," अत्ती म्हणाल्या आणि दुसरा तांब्या माझ्या हातात दिला. "भांडत बसतील त्ये. तू जा खालनं."